कर्त्याचा रकाना

ग्रंथनिर्मितीच्या आणि मुखपृष्ठांच्या स्पर्धा आपल्याकडे आता नव्या राहिलेल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत केंद्र सरकारने उत्कृष्ट मुद्रण व सजावट यांसाठी पारितोषिके देण्याचा पायंडा पाडला. दिल्लीतील भारतीय प्रकाशक महासंघही ग्रंथनिर्मितीसाठी पारितोषिके देत आला आहे. आणि जर्मनीतील लाइपझिग येथे तर १९६३ पासून जगभरच्या सुंदर पुस्तकांची निवड होत आली आहे. अशा स्पर्धेचे पत्रक प्रकाशकाच्या मेजावर येऊन पडले म्हणजे तो बहुधा मुदत, प्रतींची संख्या आणि प्रवेशशुल्क एवढ्या तीन गोष्टी पाहतो आणि मनाचा कौल देऊन मोकळा होतो. त्यात धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा काही प्रश्न दडला असेल, अशी शंकाही कोणास येत नाही. आणि पुस्तक कादंबरीचे किंवा पाकशास्त्राचे असेल तर ती येण्याचे कारणही नाही.

परंतु माझ्या परिचयाच्या एका प्रकाशकांनी सार्थ ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली आणि ती स्पर्धेस पाठविण्याचे योजिले, तेव्हा हा प्रश्न उपस्थित झाला. मुखपृष्ठ खरोखर देखणे होते. त्यावर देवाची वा माणसाची आकृती नव्हती. बुक्क्याच्या काळेपणाचा सपाट पृष्ठभाग, त्यावर गोपीचंदनाच्या रंगाची एक उभी रेघ, आणि त्या रेघेच्या पायाशी ग्रंथाचे नाव, एवढाच काय तो संसार. प्रती बांधून आल्या त्या दिवशी बांधणीच्या कारखान्यातील वृद्ध कारागीर स्वतः गठ्ठे पोचवावयास आले होते. गळ्यात तुळशीची माळ, बोटांच्या पेरांत वाळलेली खळ. अर्ज मेजावर पाहून त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाले, “अण्णासाहेब, माउलींना शर्यतीत कशाला उभं करता? नंबर नाही आला, तर माउली काय मागं पडल्या म्हणायच्या?” प्रकाशक हसले. “बाबा, शर्यतीत माउली नाहीत. वरचं वेष्टन आहे.” त्यावर म्हातारबुवांनी शांतपणे उत्तर केले, “मग वेष्टनच धाडा की. पाच पोथ्या कशाला धाडता?”

हा आक्षेप भाबडा वाटला तरी त्यातील तर्क मोठा चिवट आहे. वेष्टन आणि ग्रंथ हे देह आणि आत्मा यांप्रमाणे निरनिराळे मानून देहाची स्पर्धा लावावी आणि आत्म्यास अलिप्त ठेवावे, ही प्रकाशकांची विभागणी आपण सगळेच सोयीपुरती करीत असतो. आमच्या परंपरेने मात्र ग्रंथाच्या देहाकडे इतक्या बेफिकिरीने कधीच पाहिलेले नाही. पोथीला मुखपृष्ठ नव्हते. सुट्या पानांच्या खालीवर लाकडी फळ्या आणि भोवती रेशमी किंवा सुती रुमाल, एवढीच तिची मिरास होती. पण त्या रुमालाची गाठ सोडण्यापूर्वी हात धुतले जात, आणि पोथी जमिनीवर ठेवणे हा प्रमाद समजला जाई. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास पंचांग व धर्मग्रंथ छापण्यास प्रारंभ केला, तेव्हा सनातनी मंडळींचा मुख्य आक्षेप असा होता की, छपाईच्या शाईत चरबी असते, सबब छापलेला ग्रंथ सोवळ्यात चालावयाचा नाही. गणपत कृष्णाजींनी या आक्षेपाची थट्टा केली नाही, की त्यावर व्याख्यान दिले नाही. चरबीच्या जागी तूप घालून त्यांनी शाई सिद्ध केली आणि ग्रंथ छापले. शाईचे घटकद्रव्य ही मजकुराबाहेरची बाब आहे असे त्यांस म्हणता आले असते, आणि तर्कशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही ठरले असते. तथापि तो ग्रंथ कोणी हाती धरला नसता. ग्रंथाच्या देहाला धर्माच्या व्यवहारात वजन आहे, ही गोष्ट या उदाहरणाने पुरेशी स्पष्ट होते. तेव्हा ‘स्पर्धेत केवळ वेष्टन आहे’ हा बचाव म्हातारबुवांपुढे टिकला नाही, यात नवल ते काय?

मग स्पर्धेस जाऊच नये काय? येथे गीतेचा दाखला देण्याचा मोह बहुतेकांस होतो. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे वचन आपल्याकडे इतके घासून गुळगुळीत झाले आहे की, पारितोषिक नाकारणाऱ्यापासून तो पगारवाढ नाकारणाऱ्या धन्यापर्यंत सगळेच त्याचा आधार घेतात. वस्तुतः फळ नसते असे गीता म्हणत नाही, आणि फळाचा अंदाज न बांधता आंधळेपणाने कर्म करावे असेही म्हणत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे: ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी कर्म करावे, आणि ते हेतुशून्य नव्हे, तर आसक्तिशून्य असावे. या दृष्टीने पाहता, चांगले बांधलेले पुस्तक चारचौघांपुढे ठेवणे, अन्य प्रांतांतील मुद्रकांस ते पाहावयास मिळणे, आणि आपल्याहून सरस पुस्तके आपणास पाहावयास मिळणे, हा लोकसंग्रहच आहे. पारितोषिक मिळाल्यास आनंद व्हावा, न मिळाल्यास हळहळ वाटावी, हे मनुष्यस्वभावास धरून आहे. एवढ्याने कर्म बाटते असे मानावयाचे तर मग शेतकऱ्यानेही पावसाकडे पाहता कामा नये.

मात्र स्पर्धा कर्मात कोणत्या क्षणी शिरते याचा विचार अवश्य केला पाहिजे. पुस्तक पुरे झाले, वाचकांकडे गेले आणि मागाहून त्याच्या पाच प्रती स्पर्धेकडे रवाना झाल्या, ही एक गोष्ट. आणि चित्रकाराने पहिली रेघ ओढण्यापूर्वीच त्याच्या डोळ्यांपुढे परीक्षकांचे मेज येऊन बसले, ही अगदी दुसरी गोष्ट. परीक्षक पुस्तक हाती घेतात ते काही मिनिटे, कोऱ्या प्रतीच्या रूपात, भरपूर उजेडात. सोनेरी वर्ख, उठावाची अक्षरे, चकचकीत लेप या साऱ्यांचे तेज त्या काही मिनिटांत डोळ्यांत भरते. ज्ञानेश्वरीचा वाचक हा निराळा प्राणी आहे. तो ग्रंथ रोज उघडतो, सप्ताहात सलग सात दिवस उघडतो. त्याच्या बोटांना अबीर-बुक्का असतो, उन्हाळ्यात घाम असतो. ग्रंथ चौरंगावर ठेवला म्हणजे दोन्ही हात सोडूनही तो उघडा राहिला पाहिजे, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. सोनेरी वर्ख अशा हाताखाली वर्षाच्या आत विरतो. ग्रंथ सपाट उघडणे हे फर्मे दोऱ्याने शिवले आहेत की कण्याला नुसते सरस फासले आहे यावर अवलंबून, आणि कागदाचे तंतू कण्याला समांतर धावतात की आडवे, यावरही. तंतू आडवे असतील तर पावसाळ्यात पान कण्यापाशी चुण्या धरते आणि उघडलेला ग्रंथ आपोआप मिटू पाहतो. यांपैकी एकही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही, आणि अनेक स्पर्धांच्या गुणपत्रिकांत तिला रकाना नसतो. जो चित्रकार परीक्षकासाठी मुखपृष्ठ करतो त्याचे लक्ष या न दिसणाऱ्या गोष्टींवरून उडते, आणि आसक्ती म्हणतात ती हीच. ती मनात बक्षिसाची इच्छा असण्यावरून ओळखू येत नाही. कागदाच्या चुकलेल्या दिशेवरून ओळखू येते.

फळाचा प्रश्न मला येथेच संपल्यासारखा वाटतो. अर्जात त्याहून अवघड प्रश्न आहे, आणि तो सहसा पहिल्याच पानावर असतो: ‘संकल्पनकाराचे नाव’. एक ओळ, एक नाव, खाली दस्तुरखुद्द सही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ही पाच असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा निर्वाळा लगेच पुढे दिला आहे. भाष्यकारांनी या स्थळाचा पुष्कळ काथ्याकूट केला आहे. पण मला त्याचे उत्तम भाष्य गीतेच्याच एका छापील प्रतीच्या कहाणीत सापडते. अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात ती नमूद केली आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात नाना फडणिसांच्या पुढाकाराने पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर गीतेची अक्षरे कोरून घेण्याचे काम सुरू झाले. पुढे राजकारणाची धामधूम उडाली, काम अडले, आणि तो कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयास गेला. तेथे १८०५ साली ती गीता छापून झाली. आता या पुस्तकासाठी आजचा अर्ज भरावयाचा झाला, तर संकल्पनकाराच्या रकान्यात कोणाचे नाव घालावे? कल्पना नानांची, हात तांबटाचा, खर्च आणि आसरा गंगाधरराव पटवर्धनांचा, पत्रा व घण ही करणे, आणि पुण्यातील गोंधळ हे दैव. त्या गोंधळावाचून हे पुस्तक मिरजेचे झालेच नसते. पाच कारणांपैकी एकही काढून टाका, पुस्तक नाहीसे होते. आणि ज्याने प्रत्येक अक्षर उलटे कोरले त्या तांबटाचे नाव लोकांच्या तोंडी कधी बसलेच नाही.

या बाबतीत आमच्या देशात एक टोकाची वृत्ती होऊन गेली, जिचे गोडवे गाण्याची आपणास सवय आहे. वेरूळच्या कैलास लेण्याचा उल्लेख राष्ट्रकूट कर्कराजाच्या इ. स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात येतो. त्यात म्हटले आहे की, विमानांतून जाणाऱ्या देवांनाही ते मंदिर पाहून विस्मय वाटला, आणि ज्या शिल्पकाराने ते घडविले तो स्वतःच ‘हे मी केले तरी कसे’ अशा आश्चर्यात पडला, कारण तसे दुसरे आपल्या हातून होईल असे त्यास वाटेना. कर्तृत्वाचा अहंकार गळून पडण्याचे याहून सुंदर चित्र संस्कृत कोरीव लेखांत दुसरे असल्यास मला माहीत नाही. तथापि मला येथे थोडे थांबावेसे वाटते. ताम्रपटात शिल्पकाराचे आश्चर्य आहे. नाव मात्र त्यात राजाचे, कृष्णराजाचे, आहे. विनय कारागिराने दाखवावा आणि कीर्ती धन्याने घ्यावी, हा व्यवहार आध्यात्मिक भाषेत सांगितला म्हणून न्याय्य होत नाही. निनावीपणाचे कौतुक करणाऱ्यांनी तो निनावीपणा कोणी स्वीकारला आणि कोणावर लादला गेला, याचा तपास करावयास नको काय?

याच्या उलट टोक पाहावयाचे असेल तर लंडनला जावे लागेल. टी. जे. कॉबडेन-सँडरसन हा पेशाने पुस्तकबांधणी करणारा आणि वृत्तीने तत्त्वचिंतक. आदर्श पुस्तकात लेखन, अक्षर, छपाई, चित्र आणि बांधणी यांनी परस्परांवर कुरघोडी न करता एका अखंडाच्या सेवेत राहावे, असा त्याचा सिद्धांत. आणि त्या अखंडात त्यास विश्वाच्या अखंडाची छाया दिसे. १९०० साली एमरी वॉकरबरोबर त्याने हॅमरस्मिथ येथे डोव्ह्ज मुद्रणालय काढले आणि १९०३ ते १९०५ या काळात पाच खंडांत असे बायबल छापले की, त्याच्या साधेपणापुढे अनेक सजविलेली पुस्तके भडक वाटावीत. पुढे भागीदारांत तंटा झाला. कॉबडेन-सँडरसनच्या पश्चात अक्षरांचे खिळे वॉकरकडे जावेत, असा करार ठरला. ते त्यास सहन होईना. १९१६ च्या उन्हाळ्यापासून पुढच्या जानेवारीपर्यंत, पंचाहत्तरी उलटलेला हा गृहस्थ रात्रीच्या अंधारात हॅमरस्मिथच्या पुलावर फेऱ्या घालीत राहिला आणि टनभराहून अधिक शिसे त्याने थेम्स नदीत लोटून दिले. नदीस आपण ही अक्षरे अर्पण करीत आहोत, अशी त्याची भावना होती. अर्पण हा शब्द धार्मिक खरा. पण ज्या अर्पणाचा हेतू दुसऱ्यास मिळू नये हा आहे, त्यास ममत्वाखेरीज दुसरे नाव देता येईल असे मला वाटत नाही. अखंडाचा एवढा मोठा उपासक ‘माझे’ या एका शब्दापाशी अडखळला. आणि गंमत अशी की, ती अक्षरे रेखण्यात वॉकरचा वाटा होता आणि कोरण्यात एडवर्ड प्रिन्सचा.

निनावी शिल्पकार आणि नदीत खिळे फेकणारा वृद्ध यांच्यामध्ये कोठे उभे राहावे, याचे उत्तर मला अखेर त्याच ग्रंथात सापडले, ज्याच्या प्रती स्पर्धेस जावयाच्या होत्या. ज्ञानेश्वरीच्या परंपरेने चालत आलेल्या प्रतींच्या समाप्तीच्या ओव्यांत ग्रंथसमाप्तीचे वर्ष शके १२१२ दिले आहे, आणि ग्रंथ लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचा नावाने, आदरपूर्वक उल्लेख आहे. ग्रंथकार स्वतः मात्र सारे श्रेय निवृत्तिनाथांच्या कृपेकडे वळवितात. ज्याने सांगितले तो आपले कर्तृत्व गुरूस अर्पण करतो. ज्याने उतरून घेतले त्याचे नाव मात्र ग्रंथात कायम राहते. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठशुद्धी केली, तेव्हा त्यांनीही शेवटी आपल्या कामाची नोंद ठेवली आणि यात कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. त्या नोंदीत बढाईचा लवलेश नाही, जबाबदारी आहे. पाठ बिघडला तर कोणास जाब विचारावयाचा हे कळण्यासाठीही नाव लागते.

मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातील सहीकडे मी याच दृष्टीने पाहतो. गोव्यात मडगावी जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मराठी मुखपृष्ठास जी प्रतिष्ठा दिली, तिच्याबरोबर ‘दलाल’ ही तीन अक्षरेही घरोघरी गेली. चाळीस-पन्नासच्या दशकांत वाचनालयातून पुस्तक आणणारा वाचक लेखकाच्या नावाआधी ती सही ओळखीत असे. ती सही अहंकाराची, असा आरोप मला मान्य नाही. त्याच पुस्तकात रंगांचे ठसे करणाऱ्याचे नाव नसे, आणि तिरंगी छपाईत एक ठसा केसभर सरकला असता तर दलालांच्या चित्रातील नायिकेचे ओठ गालावर गेले असते, हे मात्र खरे. दोष सही करणाराचा नव्हे. श्रेयनामावलीचे पान कोरे ठेवणाराचा आहे.

म्हणून माझे मत असे बनले आहे की, अशा स्पर्धेचा अर्ज कर्त्याने स्वतः भरू नये. चित्रकाराचे नाव प्रकाशकाने घालावे. ठसे करणाराचे, जुळारीचे आणि यंत्र चालविणाराचे नाव चित्रकाराने सांगावे. बांधणारांचे नाव मुद्रकाने द्यावे. रकाना एकच असेल तर पुरवणी जोडावी. स्पर्धेचे कारकून ती फाडून टाकतील ही शक्यता आहेच; तरी पुरवणी लिहिताना जी चौकशी करावी लागते, कोणता कागद कोणी निवडला, रात्री थांबून शेवटचे फर्मे कोणी शिवले, तीच मला या सगळ्या खटाटोपातील अधिक मोलाची बाब वाटते. माझ्या प्रकाशकमित्रांनी अशी पुरवणी केली, तेव्हा ती पाठपोट दीड पान झाली आणि तिच्यातील दोन नावे त्यांस त्या दिवशी प्रथमच कळली.

परीक्षकांविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही. लाइपझिगला ते कित्येकदा आपणास न येणाऱ्या भाषांतील पुस्तके तपासतात, आणि अर्थ न कळता रूपाचा निवाडा कसा करणार, अशी टीका होते. वाणी आणि अर्थ यांस कालिदासाने पार्वती-परमेश्वरांच्या जोडीने एकत्र बसविले आहे. त्या दृष्टीने हा निवाडा अर्धवटच. पण अर्धवट निवाडाही खोटा असतोच असे नाही. तो अर्धवट आहे हे निकालपत्रात मान्य केले म्हणजे झाले.

आणखी एक कलम उरते, ज्याबद्दल प्रकाशकमंडळी सर्वांत अधिक कुरकुर करतात: ‘सादर केलेल्या प्रती परत मिळणार नाहीत.’ जाड कागदाच्या, कापडी बांधणीच्या ग्रंथाच्या पाच प्रती म्हणजे लहान प्रकाशकास हजारांची तोशीस, हे मी नाकारीत नाही. आणि शुल्क घेऊन वर प्रतीही ठेवून घेणाऱ्या संस्थांनी त्या प्रतींचे काय केले, याचा जमाखर्च जाहीर करावा, अशी मागणी रास्तच आहे. पण त्या प्रती एखाद्या वाचनालयाच्या किंवा मुद्रणशाळेच्या कपाटात जावयाच्या असतील तर हे कलम मला तरी जाचक वाटत नाही. निकाल लागून गेलेला असतो, प्रशस्तिपत्र भिंतीवर चढलेले असते किंवा नसते, आणि ती प्रत कोणा शिकाऊ मुलाच्या हाती पडते. तो कण्यावर अंगठा दाबून ती सपाट उघडते का पाहतो, पुठ्ठ्याच्या आतली बाजू निरखतो, आणि शिवणीचे टाके मोजू लागतो.